कांदा ओळखावा पातीवरून

[पडद्यावर: मातीतून नुकताच उपटलेला मोठा पांढरा कांदा. पात हिरवी, मुळांना ओली माती.]

हा कांदा अजून पिकलेला नाही. पात हिरवी आहे, मान ताठ आहे, वरचा पापुद्रा ओला आणि पातळ आहे. तरी कंद मुठीत मावत नाही. कच्चा खायचा, रसाळ, सौम्य चवीचा मोठा कांदा हवा असतो तो असा. वाळवून महिनोन्महिने साठवायच्या कांद्याची जात वेगळी, त्याची गणितंही वेगळी.

असा कांदा बियांपासून करायचा म्हटलं की पहिली अडचण पाकिटावरच येते. वर 'सॅलडचा कांदा' लिहिलेलं असतं. आत मात्र दोन अगदी वेगळ्या वनस्पतींपैकी कुठलीही निघू शकते. एक आपला नेहमीचा कांदा, शास्त्रीय नाव ॲलियम सेपा. दुसरी ॲलियम फिस्टुलोसम, म्हणजे फक्त पातीसाठी लावला जाणारा कांदा. 'इशिकुरा' किंवा 'एव्हरग्रीन हार्डी व्हाइट' हे या दुसऱ्या गटातले. यांना कितीही खत घाला, कितीही महिने ठेवा, कंद धरणारच नाही. बुंधा जाड होईल, शेजारी नवी फूट येईल, बस्स. उलट 'व्हाइट लिस्बन' पातीसाठी प्रसिद्ध असला तरी तो सेपा आहे. दोन रोपांत मोकळी जागा सोडून जमिनीत राहू दिला, तर तोही गोल होतो.

मग बी काळं, रोप हिरवं, दोन्हीकडे सारखंच दिसत असताना ओळखायचं कशावरून?

[पडद्यावर: दोन पाती, ब्लेडने आडव्या कापलेल्या, शेजारी शेजारी.]

हे दोन काप नीट बघा. दोन्ही पाती आतून पोकळ आहेत. डावीकडचा काप पूर्ण गोल आहे, तो फिस्टुलोसमचा. उजवीकडच्या कापाची एक बाजू चपटी आहे, तो सेपाचा. पात बुंध्याजवळ कापली तर हा चपटेपणा सगळ्यात स्पष्ट दिसतो. पात पोकळ नसून सपाट आणि मधोमध दुमडलेली असेल, तर ते लीक, कांद्याच्याच कुळातली एक भाजी. फुलावर आलेल्या झाडाची खूणही पक्की आहे. सेपाचा गोंड्याचा दांडा बुडाकडच्या भागात फुगलेला असतो आणि वर निमुळता होत जातो. फिस्टुलोसमच्या गोंड्यात फुलं शेंड्याकडून खाली उमलत येतात. रोप हाताच्या वितीएवढं झालं की एका पातीचा बळी देऊन ही तपासणी करून घ्यावी. चुकीचं पीक चार महिने जपण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

आता खरी गोष्ट. मोठ्या कांद्याच्या बाबतीत वाणाचं नाव दुय्यम आहे. तो वाण किती तासांच्या दिवसाला कंद धरतो, हे आधी विचारायला हवं.

१९२० साली गार्नर आणि अलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी दिवसाच्या लांबीचा झाडांच्या वाढीवर काय परिणाम होतो, हे मांडलं. कांदा या नियमाचं ठळक उदाहरण आहे. दिवस ठरावीक लांबीचा झाला आणि हवेत ऊब आली, की रोप पाती काढणं थांबवून बुडाशी अन्न साठवू लागतं. काही वाणांना दहा ते बारा तासांचा दिवस पुरतो. काहींना बारा ते चौदा लागतात. काही चौदा तासांच्या पुढे गेल्याशिवाय हलत नाहीत. यांना अनुक्रमे लहान, मध्यम आणि लांब दिवसाचे वाण म्हणतात.

विषुववृत्तावर दिवस वर्षभर सुमारे बारा तासांचाच असतो. वीस अंश अक्षांशावर सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास जातो. पन्नास अंशांवर तो सोळा तासांच्या पुढे जातो. त्यामुळे लांब दिवसाचं बी वीस अंशांवर पेरलं तर पात जोमदार येते, मान जाड होते आणि कंद धरतच नाही. लहान दिवसाचं बी उत्तरेकडे ऐन वसंतात पेरलं तर रोपाला चार पाती येण्याआधीच कंद धरायचा इशारा मिळतो आणि हातात गोटीएवढे कांदे येतात. दोन्ही वेळा लोक बियाण्याला नावं ठेवतात. बियाणं चोख असतं.

[पडद्यावर: उभा कापलेला कांदा. पातीचं बूड कंदात उतरताना दिसतं.]

आणि इशारा मिळेपर्यंत रोप किती वाढलंय, त्यावर कांद्याचा आकार ठरतो. हा उभा काप बघा. कांद्याची प्रत्येक जाड पत्ती म्हणजे एका पानाचं फुगलेलं बूड आहे. बाहेरची दोन-तीन वाळून पापुद्रा होतात, अगदी आतल्यांना हिरवं पातं फुटतच नाही, पण मधला सगळा भरणा हिरव्या पातींनी घडवलेला असतो. एकदा कंद धरू लागला की नवी पात मिळत नाही. म्हणून मोठा कांदा हवा असेल तर सगळी मेहनत त्याआधी करायची. कांदा फुगायला लागल्यावर घातलेलं नत्र कांद्याला मोठं करत नाही, मान तेवढी जाड करतं.

नाव नसलेलं बी हाती असेल तर ते किती तासांच्या दिवसाला कंद धरतं, यावरून त्याचा गट काढता येतो. थोडी रोपं लावा. दर आठवड्याला बुडाची रुंदी आणि मानेची रुंदी मोजा. बूड मानेच्या दुप्पट झालं की कंद धरला, असं संशोधकही मानतात. त्या दिवसाची तारीख लिहून ठेवा आणि त्या तारखेला सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत किती तास होते ते पाहा. बूड फुगायची सुरुवात त्याआधी काही दिवस झालेली असते, तेवढा फरक धरायचा. पाकीट हरवलं तरी रोप आपला गट सांगून जातं. मला ही पद्धत फार आवडते, कारण तिला फूटपट्टी आणि वही याशिवाय काही लागत नाही.

आता काही नामांकित वाण. लांब दिवसाचा 'एल्सा क्रेग' स्कॉटलंडचा. १८८७ साली तो बाजारात आला, कंद किलोच्या पुढे जातो, आणि सरळ, म्हणजे संकरित नसलेला, वाण असल्याने त्याचं बी घरी धरता येतं. 'वाला वाला' अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातला, त्याचं मूळ बी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॉर्सिका बेटावरून गेलं. लहान दिवसाच्या गटात 'टेक्सास अर्ली ग्रॅनो' आणि 'ग्रॅनेक्स' ही नावं मोठी. अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यातला 'विडेलिया' हा ग्रॅनेक्स जातीचाच कांदा, पण ठरावीक प्रदेशात पिकला तरच त्याला ते नाव लावता येतं, असा कायदा १९८६ मध्ये झाला. इटलीतल्या कॅलाब्रियाचा लाल 'ट्रोपेया' तर आपल्या विषयाचा मानबिंदू म्हणावा असा. युरोपीय संघाने त्याला २००८ मध्ये भौगोलिक संरक्षण दिलं ते तीन रूपांत: कोवळा पातीसकट, ताजा, आणि साठवणीचा. एकच वाण तीन वयांत कसा वापरावा, याचा तो वस्तुपाठ आहे.

फक्त आकारच हवा असलेल्या हौशी लोकांचं जग निराळं. २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या हॅरोगेटच्या प्रदर्शनात ८.९७ किलोचा कांदा तोलला गेला. ताटात मात्र दोनशे-तीनशे ग्रॅमचा कांदा खरा चवीचा.

[पडद्यावर: बियांचा ट्रे, मातीतून वर येणारी हिरवी आकडी.]

पेरणीकडे वळू. कांद्याचं बी फार दिवस टिकत नाही, दोन वर्षांत उगवण झपाट्याने घसरते. म्हणून पाकिटावरचं वर्ष आधी बघा, किंमत नंतर. एका ग्रॅममध्ये साधारण अडीचशे ते तीनशे बिया भरतात. भुसभुशीत गादीवाफ्यावर किंवा ट्रेमध्ये एक ते दीड सेंटीमीटर खोल पेरा आणि माती हलकी दाबा.

उगवताना एक गंमत दिसते. पहिलं पान टोक वर काढून येत नाही, कमरेत वाकून, आकडीसारखं वर येतं. टोक अजून बियातच अडकलेलं असतं आणि तिथून अन्न ओढत असतं. मग आकडी सरळ होते आणि काळं टरफल टोकावर घेऊन पान उभं राहतं. ते टरफल ओढून काढायचा मोह आवरा. वरची माती कडक झाली तर नेमकी ही आकडी तुटते, म्हणून झारीने हलका ओलावा राखायचा. ओल साचू द्यायची नाही, नाहीतर मर रोग रोपं आडवी करतो.

सहा ते दहा आठवड्यांत रोप पेन्सिलपेक्षा थोडं बारीक होतं. लावायचं तेव्हाच. पेन्सिलपेक्षा जाड झालेलं रोप पुढे दीर्घ थंडीत सापडलं, तर त्याला दुसऱ्या, म्हणजे फुलायच्या, वर्षात आल्यासारखं वाटतं आणि डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येतात. डेंगळा आलेला कांदा मधोमध कडक दांडा घेऊन बसतो. तो साठवू नये, लगेच वापरावा.

लागण उथळ हवी. बूड जेमतेम मातीत, मान मोकळी. ओळींत तीस सेंटीमीटर आणि दोन रोपांत पंधरा ठेवलं तर कांदा मोठा होतो. मी मात्र सात-आठ सेंटीमीटरवर लावून पुढे एकाआड एक रोप उपटायला सुचवेन. उपटलेली रोपं कोवळी पात म्हणून वापरता येतात आणि राहिलेल्यांना जागा मिळते. हे काम वेळेवर झालं पाहिजे. दाटी झाली की शेजारच्या पातींतून गाळून आलेला प्रकाश रोपाला घाई करायला लावतो, कंद लवकर धरतो आणि लहान राहतो. तणाचंही तेच. कांद्याची पात सावली करत नाही, त्यामुळे तणाला मोकळं रान मिळतं. मुळंही उथळ असतात, खुरप्याने वरवरच खुरपावं आणि पाणी थोडं पण वारंवार द्यावं. ताण पडून मग भरपूर पाणी मिळालं की जोडकांदे आणि फुटलेले कांदे वाढतात. पातीवर चंदेरी ओरखडे दिसले तर ते फुलकिडे. पातीच्या बेचक्यात बघा, तिथेच दडलेले असतात.

चवीबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. गोड कांद्यात साखर जास्त असते असं नाही. त्यात पाणी जास्त आणि गंधकाची संयुगं कमी असतात. सुरी चालली की पेशी फुटतात, वेगवेगळ्या कप्प्यांतले पदार्थ एकत्र येतात आणि डोळ्यांत पाणी आणणारा वायू तयार होतो. त्यासाठी एक स्वतंत्र विकर (एन्झाइम) लागतं, हे जपानी शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये दाखवलं. जमिनीत गंधक कमी असेल तर तोच वाण सौम्य होतो, आणि जॉर्जियातल्या रेताड जमिनीत हेच घडतं. तेव्हा कच्चा खायचा कांदा करताना अमोनियम सल्फेटसारखी गंधकयुक्त खतं उशिरा देऊ नका. पाण्याचा ताणही तिखटपणा वाढवतो.

काढणीला एकच दिवस ठरलेला नाही. कंद पाच सेंटीमीटरचा झाला की हवा तसा उपटत राहा. निम्म्या रोपांच्या माना पडल्या की वाढ संपली. हा रसाळ कांदा फार टिकत नाही, म्हणून सगळा एकदम काढण्यात अर्थ नाही.

[पडद्यावर: फुललेला गोंडा, त्यावर मधमाश्या.]

बी धरायचं असेल तर वाण सरळ हवा. संकरित कांद्यामागे १९२५ सालचं एक झाड आहे. कॅलिफोर्नियात डेव्हिस इथे हेन्री जोन्स यांना 'इटालियन रेड' वाणाच्या लागणीत परागच न देणारं एक झाड सापडलं. त्याच्या गोंड्यावर बियांऐवजी छोट्या कांद्या धरल्या होत्या, त्या लावूनच ते जगवलं गेलं. पुढे त्याच गुणावर संकरित बियाण्याचा व्यवसाय उभा राहिला. अशा कांद्याचं बी पेरलं तर पुढची पिढी एकसारखी येत नाही.

सरळ वाणातून बारीक मानेचे, एकाच गाभ्याचे, डेंगळे न आलेले कांदे निवडा. एक-दोन नकोत, वीस-तीस तरी हवेत, नाहीतर पुढच्या पिढ्या खुरटतात. थंडीचा काळ गेला की ते पुन्हा लावा. आसपास दुसरा कांदा फुलत असेल तर मधमाश्या भेसळ करतील, तेव्हा गोंड्यांवर जाळी घाला आणि आत हाताने परागीभवन करा. बोंडं उकलून काळं बी दिसू लागलं की गोंडे कापून कागदावर वाळवा, चोळा, पाखडा. कोरडं बी बंद बरणीत थंड जागी ठेवा, आणि बरणीवर वाणाबरोबर वर्ष आणि किती तासांच्या दिवसाला कंद धरला तेही लिहा.