तणाचं खरं नाव

नमस्कार श्रोतेहो. एम.एस्सी. झालेल्या किंवा करत असलेल्या मुलामुलींशी आज मला तणांच्या वर्गीकरणावर, म्हणजे त्यांची नेमकी जात ओळखण्यावर, संशोधन करण्याबद्दल थोडं बोलायचं आहे.

बांधावरची घाणेरी कधी जवळून पाहिलीत? कोकणात तिला टणटणी म्हणतात. एका गुच्छात मधली फुलं पिवळी, कडेची गुलाबी. चार पावलांवर दुसरं झुडूप, त्याची फुलं शेंदरी आणि काटेही जास्त. दोन्हींना आपण घाणेरीच म्हणतो. पण कुणाच्या पेशीत 22 गुणसूत्रं, कुणाच्या 33, कुणाच्या 44 किंवा 55. मूळची अमेरिकेतली ही झाडं युरोपातल्या माळ्यांनी एकमेकांत मिसळली आणि तो मिसळलेला वाण इथे आला. त्यामुळे यात जाती किती, हा वाद अजून मिटलेला नाही.

शेतकरी म्हणेल, नाव घेऊन काय करू? उपटायचं कसं ते सांगा. रास्त आहे. म्हणून केरळातली गोष्ट सांगतो. तिथले कालवे आणि भातखाचरं साल्विनिया नावाच्या पाणतणाने भरून गेली होती. होडी पुढे सरकेना. शास्त्रज्ञ या तणाला बरीच वर्षं त्याच्या एका भावकीतल्या जातीचं नाव देत होते. त्या जातीवरचे कीटक त्रिनिदादहून आणून ठिकठिकाणी सोडले, पण तण काही हटेना. 1972 मध्ये हे तण म्हणजे वेगळीच जात असल्याचं सिद्ध झालं. तिचं मूळ घर आग्नेय ब्राझीलमध्ये सापडलं आणि तिथे तिला खाणारा जेमतेम दोन मिलिमीटरचा सोंडकिडाही मिळाला. गंमत म्हणजे तो किडाही आधी चुकीच्या नावाने ओळखला गेला होता! 1980च्या दशकात तो केरळात सोडला आणि काही वर्षांत पाणी मोकळं झालं. वर्गीकरणाला रुक्ष म्हणणाऱ्यांना मी हीच गोष्ट ऐकवतो.

आपल्याकडे असे प्रश्न पडूनच आहेत. गाजर गवत अमेरिकन गव्हातून आलं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. ते एकदाच आलं की अनेकदा, हे सांगायला ठिकठिकाणच्या झाडांचा डीएनए आणि हर्बेरियममधले, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातले, जुने नमुने शेजारी ठेवून पाहावे लागतात. पीएच.डी.ला याहून चांगला विषय कोणता?

हे काम करायला पुण्यात आघारकर संशोधन संस्था आहे, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग वर्गीकरणासाठी नावाजलेला आहे. फक्त तणांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था जबलपूरला आहे. नेट ही परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधनासाठीची फेलोशिप मिळाली, तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये मिळतात. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपही आहेत, जाहिरातींवर लक्ष ठेवा. गाईड निवडताना मात्र घाई नको. त्यांच्याबरोबर एक दिवस रानात फिरा, मग ठरवा.

आणि प्रवेशाची वाट न पाहता कामाला लागा. घाणेरीची फुलासकट एक फांदी वर्तमानपत्रात दाबून ठेवा. दोन कोवळी पानं ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पाकिटात टाका, डीएनएसाठी लागतील. गाव, तारीख आणि फुलांचा रंग वहीत तिथेच उभं राहून लिहा, कारण फांदी वाळली की रंग उडतो.

नमस्कार.