फुलाचा गंध बिस्किटात कसा उतरतो

मित्रहो, फुलांची बिस्किटे म्हटली की डोळ्यांसमोर प्रथम वर चिकटवलेल्या रंगीत पाकळ्या येतात. दिसायला ती मोहक असतात यात शंका नाही. पण तेच बिस्कीट डोळे मिटून खाल्ले, तर ते साध्या बिस्किटाहून वेगळे लागेलच असे नाही. मला आज बोलायचे आहे ते गंधाविषयी, कारण फुलाची चव म्हणून आपण जे अनुभवतो त्यातला फार मोठा भाग नाकाने टिपलेला असतो. जिभेला निव्वळ पाकळी दिली, तर तिला थोडा कडवटपणा आणि थोडा तुरटपणा एवढेच कळते.

फुलातील सुगंधी द्रव्ये प्रमाणाने अत्यल्प असतात, सहज उडून जातात आणि त्यातली बहुतेक पाण्यापेक्षा स्निग्ध पदार्थात अधिक विरघळतात. बिस्कीट भाजले जाताना पिठातील पाण्याची वाफ होते आणि ती जाताना गंधही सोबत घेऊन जाते. भाजणी चालू असताना घरभर दरवळ सुटला की आपण सुखावतो; पण जो वास घरात पसरला, तो बिस्किटातून गेलेला असतो. लोण्यात मुरलेला गंध मात्र इतक्या सहजासहजी सुटत नाही. म्हणून माझे सांगणे असे की, फुले मैद्यात मिसळण्याआधी त्यांचा गंध लोण्यात उतरवावा, आणि पुढची सारी कृती तो गंध राखण्यासाठी करावी.

लॅव्हेंडरपासून सुरुवात करू, कारण या कामात सर्वांत जास्त वापरले जाणारे आणि सर्वांत जास्त बिघडवले जाणारे फूल तेच आहे. लॅव्हेंडर घातलेली बिस्किटे साबणासारखी लागतात, ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे आणि माझ्या पहिल्या घाण्यातही तेच झाले होते. त्याची कारणे दोन. एक म्हणजे प्रमाण. दुसरे, आणि अधिक महत्त्वाचे, म्हणजे जात. लॅव्हांडुला अँगुस्टिफोलिया या जातीत कापराचा अंश फार कमी असतो, तर तेलासाठी मोठ्या प्रमाणावर लावल्या जाणाऱ्या लॅव्हँडिन या संकरित जातीत तो बराच जास्त असतो. विकत घेताना एक वाळलेली कळी नखाने चुरडून नाकाशी धरावी. कापराची तिखट थंडाई आधी जाणवली, तर ती फुले कपाटात ठेवायला चांगली, खायला नव्हेत.

साध्या खुसखुशीत बिस्किटासाठी साखर, लोणी आणि मैदा यांचे वजनी प्रमाण १ : २ : ३ धरावे; म्हणजे १०० ग्रॅम साखर, २०० ग्रॅम बिनमिठाचे लोणी आणि ३०० ग्रॅम मैदा. एवढ्याला वाळलेल्या लॅव्हेंडरचे दोन लहान चमचे पुरेसे होतात. लोणी अगदी मंद आचेवर वितळवावे, उकळू मात्र देऊ नये. त्यात कळ्या टाकून भांडे झाकावे आणि वीस मिनिटांनी कोमट असतानाच गाळून घ्यावे. कळ्यांना थोडे लोणी चिकटून राहते, म्हणून गाळल्यावर पुन्हा वजन करून कमी पडेल तेवढे साधे लोणी घालावे. वितळलेले लोणी नुसते ठेवून दिले तर त्यातले पाणी आणि स्निग्धांश वेगळे होतात. ते घट्ट होईपर्यंत मधूनमधून ढवळत राहावे. त्यात थोडे भरडलेले धणे घातले, तर लॅव्हेंडर अधिक गोल आणि भरीव लागते. हा योगायोग नाही: धण्याच्या सुगंधी तेलाचा मुख्य घटक लिनालूल हा आहे आणि लॅव्हेंडरच्या गंधाचा एक प्रमुख आधारही तोच आहे.

गुलाबाला मात्र हा नियम तसाच लागू पडत नाही. त्याच्या गंधातील फिनाइल इथाइल अल्कोहोल हे द्रव्य पाण्यातही बऱ्यापैकी विरघळते, म्हणूनच गुलाबपाणी इतके सुवासिक होते. ताज्या पाकळ्यांच्या बुडाचा पांढरा, कडू भाग कापून त्या साखरेबरोबर खलात घोटाव्यात आणि ओलसर झालेली साखर झाकून रात्रभर ठेवावी. गुलाबपाणी पिठात घालू नये. बिस्किटे पूर्ण निवल्यावर पिठीसाखरेत ते कालवून पातळ लेप द्यावा, म्हणजे त्याचा ओव्हनशी संबंधच येत नाही.

मोगऱ्याची गोष्ट मला सर्वांत जास्त भावते. तोडल्यावरही हे फूल काही तास नवा गंध निर्माण करत राहते. जाई-जुईच्या वर्गातील फुले आणि निशिगंध यांचा गंध काढण्यासाठी अत्तरकार ती थंड चरबीच्या थरावर पसरत, ते याच कारणाने. उष्णतेने हा गंध बिघडतो. आपणही तेच करू शकतो. संध्याकाळी उमलायच्या बेतात असलेल्या, पूर्ण कोरड्या कळ्या लोण्याच्या पातळ थरावर रात्रभर थंड जागी झाकून ठेवाव्यात आणि सकाळी अलगद वेचून काढाव्यात. त्या लोण्याला नाक लावले, तर आधी दुधाचा मंद गोडवा येतो आणि मागून मोगरा.

पीठ मळल्यावर तासभर गार करावे, पाच मिलिमीटर जाड लाटावे आणि १६० अंश सेल्सिअसला फक्त कडा सोनेरी होईपर्यंत भाजावे. बिस्कीट तांबूस झाले की भाजल्याचा खमंग वास नाजूक गंधावर मात करतो. गूळ, कणीक, खरपूस केलेले तूप हे सारे उत्तम पदार्थ आहेत, पण इथे ते फुलाला झाकून टाकतात.

रंगाबद्दल थोडेच. गोकर्णाचा निळा रंग आम्लाने जांभळा-गुलाबी होतो आणि सोड्याने हिरवट. भाजलेल्या पिठाच्या पिवळसरपणात मिसळून तो मळकट दिसतो, म्हणून तो लेपातच वापरावा. कॅलेंड्युलाच्या पाकळ्यांचा केशरी रंग स्निग्धांशात विरघळतो आणि भाजणीतही चांगला टिकतो.

एका बाबतीत मात्र कसलीही सवलत नाही. कण्हेर, धोतरा ही फुले विषारी आहेत, आणि शोभेसाठी विकल्या जाणाऱ्या फुलांवर कीटकनाशके मारलेली असू शकतात. नाव खात्रीने ठाऊक असलेले, खाण्यासाठीच वाढवलेले फूल घ्यावे, पुंकेसर काढून टाकावेत. परागकणांचा त्रास असलेल्यांनी ही बिस्किटे टाळलेली बरी.

भाजलेली बिस्किटे लगेच चाखून निर्णय देऊ नका. गरम असताना साखर आणि लोणीच पुढे येतात. पूर्ण निवल्यावर ती घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि दुसऱ्या दिवशी डबा उघडताना नाक जवळ न्या. झाकणाखाली कोंडलेल्या हवेत फूल आधी भेटते, बिस्कीट नंतर.