दाणे भाजले की सत्त्व जातं का?

नमस्कार श्रोतेहो. आपल्या बडोद्यात संध्याकाळी फिरायला निघालं की खारी शिंग, म्हणजे भाजलेले खारे शेंगदाणे, हातात येतेच, आणि घरात दाण्याच्या कुटाशिवाय उपासाची खिचडी होत नाही. तेव्हा भाजल्यानं दाण्यातलं सत्त्व जातं का, हा आपल्या रोजच्या कढईतलाच प्रश्न आहे.

शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं आणि ४९ ग्रॅम स्निग्धांश असतो. भाजताना उडतं ते मुख्यतः पाणी. प्रथिनं, तंतू, मॅग्नेशियम, जस्त जवळजवळ तेवढंच राहतं. घटतात ती ब१ आणि फोलेट ही जीवनसत्त्वं, थोडं ई जीवनसत्त्वही. दाणा जितका काळपट, तितकी घट जास्त. उलट कच्च्या शेंगदाण्यात प्रथिनं पचू न देणारी काही द्रव्यं असतात, ती उष्णतेनं निकामी होतात. म्हणून शेंगदाणे भाजून किंवा उकडून खावेत, असंच मी सांगेन. बदाम मात्र कच्चे खुशाल खा, सालासकट आणि नीट चावून.

आता भाजण्याआधीचं काम, आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं. दाणे परातीत पसरून निवडा. सुरकुतलेले, काळे पडलेले, बुरशीचे दाणे फेकून द्या. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष यकृताला घातक असतं आणि घरच्या भाजण्यानं ते पूर्ण नष्ट होत नाही. शिवाय भाजल्यावर सगळ्यांचाच रंग बदलतो, मग खराब दाणा ओळखू येत नाही. खाताना एखादा कडू लागला तर गिळू नका, थुंकून टाका.

जाड बुडाच्या कढईत पाव किलो दाणे मंद आचेवर दहा-बारा मिनिटं सतत हलवा. चिमटीत चोळल्यावर साल सुटली आणि आतून फिकट बदामी रंग दिसला की लगेच परातीत काढा. कढईतच ठेवले तर तिच्या उष्णतेनं पुढे करपतात. मोठ्या आचेवर बाहेरून डाग पडतात, आत ओल राहते, आणि असं कूट लवकर बिघडतं. पूर्ण गार झाल्यावरच मिक्सर थांबवत थांबवत फिरवा, नाहीतर तेल सुटून गोळा होतो.

भाजलेला दाणा कच्च्यापेक्षा लवकर खवट होतो, कूट तर त्याहून लवकर. आपल्या उन्हाळ्यात आठवड्यापुरतंच करा, घट्ट डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा. अक्रोडही फ्रीजमध्येच बरे.

तिळाला तीन-चार मिनिटं पुरतात. तडतडले की उतरवा. सालासकट तिळात शंभर ग्रॅमला सुमारे ९७५ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, सोललेल्या पांढऱ्या तिळात त्याचा अगदी थोडा भाग उरतो. सालातलं सगळं कॅल्शियम अंगी लागत नाही हे खरं, तरी चटणीला सालाचेच तीळ घ्या. जवस अख्खं खाल्लं तर बरंचसं न पचता बाहेर पडतं. हलकं भाजून, थोडं थोडं दळून वापरा. मुखवासातली अळशी म्हणजे जवसच, तीही चावूनच खायला हवी.

दिवसाला एक मूठ, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम, पुरे. शेंगदाण्याच्या तेवढ्या मुठीत १७० कॅलरी होतात. रक्तदाब असेल तर खारी शिंग सोडून बिनमिठाची घ्या. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात. त्यांना बारीक कूट भातात किंवा भाजीत मिसळून द्या. दाणे खाल्ल्यावर कुणाला अंगावर गांधी उठल्या किंवा ओठ सुजले, तर दाणे ताबडतोब बंद करून डॉक्टरांना दाखवा. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर थेट हॉस्पिटल गाठा.