नळी आखूड, दाब तोच

(ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींपुढे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या घरांमध्ये आजोबा-पणजोबांची शस्त्रं अजून परवान्यावर आहेत. वारसाच्या नावावर परवाना होतो, निवडणूक आली की शस्त्र ठाण्यात जमा होतं, पुन्हा घरी येतं. त्या शस्त्राला किती दाब झेपतो, हे मात्र कोणी विचारत नाही. आज मी लिव्हर रायफलींबद्दल, म्हणजे घोड्याखालचा दांडा खाली-वर करून काडतूस भरतात त्या रायफलींबद्दल, त्यातही आखूड नळीच्या कार्बाइनबद्दल बोलणार आहे.

नळी आखूड म्हणजे दाबही कमी, असा समज मी फार ऐकतो. तो धोकादायक आहे. बार उडाल्यावर दाबाचं टोक एका मिलिसेकंदाच्या आत गाठलं जातं. तेव्हा गोळी चेंबरमधून, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं त्या खोबणीतून, जेमतेम इंच-दोन इंच पुढे सरकलेली असते. पुढे नळी १६ इंच असो की २४, ते टोक तेवढंच राहतं. आखूड नळीत गोळीचा वेग घटतो आणि तोंडाशी आवाज व भडका वाढतो, एवढंच.

मग तो दाब थोपवतं कोण? चेंबरचं मागचं तोंड बंद करणाऱ्या पोलादी दट्ट्याचं, म्हणजे बोल्टचं, कुलूप. विंचेस्टर या अमेरिकी कंपनीच्या १८७३ च्या रायफलीत हे काम कोपरासारख्या सरळ होणाऱ्या दोन सांध्यांवर आहे. काळ्या दारूच्या काडतुसासाठी ते पुरेसं होतं. शस्त्रांचे रचनाकार जॉन ब्राउनिंग यांनी विंचेस्टरच्याच १८९२ च्या मॉडेलमध्ये बोल्टच्या दोन्ही बाजूंना खालून वर सरकणाऱ्या जाड पोलादी पट्ट्या दिल्या, आणि कुलपाची ताकद कितीतरी वाढली. घोळ असा, की .४४-४० हे काडतूस दोन्ही रायफलींत बसतं. १८९२ च्या रायफलीसाठी त्याचं जास्त जोराचं काडतूसही विकलं जायचं. १८७३ च्या रायफलीत वापरू नये, अशी ताकीद खोक्यावर छापलेली असे. खोका फेकून दिला आणि काडतुसं खिशात राहिली, की ती ताकीद गेलीच.

आकडे पाहा. अमेरिकेतल्या सामी या शस्त्र-काडतुसांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने काडतुसांना घालून दिलेली दाबाची कमाल मर्यादा .४४-४० ला ११,००० पौंड प्रति चौरस इंच आहे, .४५ कोल्टला १४,०००, .३५७ मॅग्नमला ३५,०००, .४४ मॅग्नमला ३६,०००, .३०-३० ला ४२,००० आणि .४५४ कॅसलला ६५,०००. यातल्या .४५ कोल्ट आणि .४५४ कॅसल यांच्या पुंगळीच्या (काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या) बुडाचा व्यास सारखाच, सुमारे ०.४८ इंच. क्षेत्रफळ अंदाजे ०.१८ चौरस इंच धरा. म्हणजे पहिल्यात बोल्टवर साधारण ११०० किलोंचा रेटा, दुसऱ्यात ५००० किलोंच्या वर. कॅसलची पुंगळी थोडी लांब ठेवली, ती जुन्या चेंबरमध्ये शिरू नये म्हणूनच. पण .४५ कोल्टच्याच मापाच्या पुंगळीत कोणी जादा दारू भरली, तर ते काडतूस जुन्या शस्त्रात बिनबोभाट बसतं. मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते.

काही जण म्हणतात, आम्ही प्रायमर, म्हणजे पुंगळीच्या बुडातली ठिणगी पाडणारी टोपी, पाहतो, तो चपटा झाला की थांबतो. कृपा करून यावर विसंबू नका. पितळेवरची ही चिन्हं बहुधा फार वरच्या दाबाला दिसतात. जे शस्त्र १४,००० साठी बनलं, त्याची सीमा त्याआधीच कधीच ओलांडलेली असते. लिव्हर उघडताना जड लागली, पुंगळी अडकली, तर त्या क्षणी थांबा आणि उरलेली काडतुसं बाजूला काढा.

नळीखालच्या मॅगझिनचंही सांगतो. त्यात काडतुसं एकामागे एक असतात आणि प्रत्येकाचं टोक पुढच्याच्या प्रायमरला टेकतं. धक्क्याने ते टोक प्रायमरवर आपटून बार उडू शकतो, म्हणून टोकदार कडक गोळी तिथे चालत नाही, चपट्या तोंडाचीच हवी.

आणि आपला उन्हाळा. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो, आणि उन्हात उभ्या मोटारीत त्याहून खूप जास्त. दारू तापली की जळण्याचा वेग वाढतो, दाबही वाढतो. मर्यादेला टेकलेलं काडतूस मग मर्यादेबाहेर जाऊ शकतं. म्हणून काडतुसं सावलीत ठेवा, आणि नळीवर ज्या काडतुसाचं नाव कोरलंय तेच घाला. अक्षरं झिजून वाचता येत नसतील, तर जाणकार बंदूक कारागिराकडून चेंबरचं माप आणि कुलपाची झीज तपासून घ्या. तोवर त्या रायफलीतून एकही बार काढू नका.