भंगारात द्यायच्या आधी

श्रोतेहो, नमस्कार.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०ची नेहमीची देखभाल थांबली आणि उत्तम चालणारे असंख्य संगणक जुने ठरले. तसा एखादा तुमच्याकडे पडून असेल, तर टीव्हीला जोडून त्यावर तुमच्या संग्रहातले चित्रपट, गाणी, फोटो पाहता-ऐकता येतील. लागणारं सॉफ्टवेअर मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा मूळ कोड सगळ्यांसाठी खुला आहे.

प्रोसेसर किती वेगवान, रॅम किती, हे आपण लगेच विचारतो. या कामासाठी आधी पाहायची ती ग्राफिक्स चिप. व्हिडिओ फाईलमध्ये दाबून साठवलेला असतो. तो उलगडायला चिपमध्ये वेगळा भाग असेल, तर जुना संगणकही निवांत चालतो, पंखा गुरगुरत नाही. तो नसेल, तर सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि चित्र अडखळतं. फुल एचडी फायली बहुधा एच.२६४ या पद्धतीने दाबलेल्या असतात. २०११ पासूनचे बहुतेक इंटेल प्रोसेसर त्या सहज चालवतात. फोरके, म्हणजे फुल एचडीच्या चौपट बारकाव्याचे चित्रपट मात्र बहुतेक वेळा १० बिट एचईव्हीसी या नव्या पद्धतीने दाबलेले असतात, त्यांना इंटेल प्रोसेसरची सातवी पिढी किंवा पुढची हवी. आता गंमत बघा, विंडोज ११ने सातव्या पिढीतले जवळपास सगळे प्रोसेसर नाकारले. म्हणजे मोडीत निघालेलं यंत्रच या कामाला अगदी योग्य! तुमच्याकडे फुल एचडीच्याच फायली असतील, तर नवं काही विकत घेऊ नका, असं मी आग्रहाने सांगेन.

सॉफ्टवेअरचं नाव कोडी. २००२ मध्ये एक्सबॉक्स या गेमच्या यंत्रासाठी सुरू झालेला हा प्रकल्प, पुढे एक्सबीएमसी म्हणून ओळखला गेला आणि २०१४ मध्ये कोडी झाला. तो विंडोजवर किंवा लिनक्सवर चालतोच, पण संगणक फक्त टीव्हीसाठीच ठेवायचा असेल, तर लिब्रेइलेक घ्या. ही अगदी आटोपशीर लिनक्स प्रणाली आहे, संगणक सुरू केला की थेट कोडीच उघडतो. पेनड्राइव्हवर ती उतरवायची आणि त्यावरून संगणक सुरू करून बसवायची. बसवताना डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून जुने फोटो, कागदपत्रं आधी दुसरीकडे उतरवून घ्या. हे विसरू नका.

कोडीसोबत एकही चित्रपट येत नाही, संग्रह तुमचाच. फायलींना नाव आणि कंसात वर्ष दिलंत, तर पोस्टर, कलाकार, कथासार कोडी स्वतः शोधून लावतो. इथे घालवलेली एक संध्याकाळ पुढे फार सुख देते.

रिमोटचं काय? रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकाला टीव्हीचाच रिमोट चालतो, कारण त्यात एचडीएमआय सीईसीची, म्हणजे टीव्हीच्या केबलमधूनच रिमोटचे आदेश पोचवण्याची सोय आहे. साध्या संगणकात ती सहसा नसते. मग अँड्रॉइड फोनवर कोडीचं अधिकृत कोरे अ‍ॅप घ्या, किंवा बिनतारी कीबोर्ड.

हाच संग्रह दुसऱ्या खोलीत, फोनवरही हवा असेल, तर जेलीफिन बसवा, ते हा संग्रह नेटवर्कवरून इतर उपकरणांना पुरवतं. २०१८ मध्ये एम्बी या तशाच सॉफ्टवेअरने आपला कोड बंद केला, तेव्हा आधीच्या खुल्या कोडवरून स्वयंसेवकांनी जेलीफिन उभं केलं. परवाना मुक्त होता, म्हणूनच हे शक्य झालं. आणि शक्य असेल तिथे वायफायऐवजी नेटवर्कची केबल जोडा; फोरके फायलींना ती जास्त भरवशाची.