माऊस बदलण्याआधी टेबल मोजा

(दृश्य: जून महिना, सकाळचे दहा. जळगावातलं एक सेवा केंद्र. काउंटरबाहेर रांग, आत तीन संगणक.)

निवेदन:
दहावी-बारावीचे निकाल लागले की खानदेशातल्या सेवा केंद्रांत पाय ठेवायला जागा उरत नाही. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमिलेअर. प्रत्येक अर्जाला कागद स्कॅन करायचे, फोटो कापून लहान करायचा, फाइल चढवायची, पान खाली सरकवायचं, टिक मारायची. टायपिंग थोडं, माऊसच जास्त. चारच्या सुमाराला ऑपरेटर हात झटकायला लागतो. विचारलं तर सांगतो, ‘मना हात दुखस.’ आणि लगेच पुढचा प्रश्न येतो: हस्तांदोलनासारखा हात ठेवून धरायचा तो उभा माऊस घेतला तर थांबेल का?

कदाचित. पण आधी मोजायची टेप आणा.

(दृश्य: मनगटाचं रेखाचित्र.)

मनगटात तळहाताच्या बाजूला एक अरुंद बोगदा असतो, त्यालाच कार्पल टनेल म्हणतात. तळाशी आठ लहान हाडांची कमान, वरून आडवा चिवट पट्टा. एवढ्याशा जागेतून बोटं वाकवणारे नऊ स्नायुबंध आणि मीडियन नावाची एक नस (मज्जातंतू) जाते. मनगट मागे वाकलं की आतला दाब वाढतो, पुढे दुमडलं तरी वाढतो. सरळ असताना तो सगळ्यात कमी.

मनगट सरळ आहे का, हे बघायला शाळेची एक फूटपट्टी पुरते. माऊस धरलेल्या हाताच्या वरच्या बाजूला, कोपराकडून मधल्या बोटाकडे ती ठेवा. मनगटापाशी पट्टी आणि हात यांत मोठी फट पडली किंवा पट्टी एका बाजूला निसटली, तर मनगट वाकलेलं आहे.

(दृश्य: टेप टेबलाला लावलेली.)

काउंटरचं टेबल साधारण 75 सेंटिमीटर. प्लास्टिकची खुर्ची 40 ते 42. बसलेल्या मध्यम उंचीच्या माणसाचा कोपर बैठकीपासून वीस-बावीस सेंटिमीटर वर येतो. बेरीज केली तर टेबल कोपरापेक्षा अकरा ते पंधरा सेंटिमीटर उंच निघतं. मग खांदा वर चढतो, हाताचा भार टेबलाच्या कडेवर येतो आणि कडा नेमकी मनगटाखाली रुतते. वर काच असली तर ती जास्तच टोचते. पारदर्शक काचेवर साधा ऑप्टिकल माऊस धड चालत नाही, म्हणून खाली जुनं कॅलेंडर घातलेलं असतं. ते चालेल, पण ते कडेपासून आत सरकवा.

टेबल कापणं शक्य नसतं, तेव्हा माणूस वर घ्यायचा. खुर्चीवर घडी केलेली गोधडी किंवा घट्ट उशी, एवढी की खांदे सैल सोडल्यावर कोपर टेबलाच्या पातळीला येईल. पाय अधांतरी झाले तर खाली पाट, नाही तर दोन विटा. हे करायला पैसे लागत नाहीत आणि बहुधा म्हणूनच कोणी करत नाही.

कीबोर्डखालचे पाय उघडून ठेवायची सवय सगळीकडे दिसते. मिटवून टाका. त्यांनी कीबोर्ड मागून उचलला जातो आणि मनगट मागे वाकतं.

आकड्यांचा भाग उजवीकडे असलेला लांब कीबोर्ड ही दुसरी अडचण. माऊस त्याच्याही पलीकडे जातो, हात बाहेर फाकतो आणि दुखणं खांद्यात उतरतं. आकडे फारसे लागत नसतील तर त्या भागाशिवायचा छोटा कीबोर्ड घ्या. आमच्या मते महागड्या माऊसआधी हा खर्च करावा.

(दृश्य: साधा माऊस आणि उभा माऊस शेजारी शेजारी.)

आता तो उभा माऊस. 1964 साली डग्लस एंगलबार्ट यांच्या प्रयोगशाळेत पहिला माऊस बनला, तेव्हा तो लाकडी ठोकळा होता. तेव्हापासून तळहात खाली करूनच आपण माऊस धरतो. त्यात कोपराखालची दोन हाडं एकमेकांवर तिढा घेतात. उभ्या माऊसवर हात हस्तांदोलनासारखा राहतो आणि तिढा बराच सुटतो. लॉजिटेकच्या एमएक्स व्हर्टिकलचा कोन 57 अंशांचा आहे. कोपराखालचा स्नायू ओढल्यासारखा होत असेल, तर याने आराम पडू शकतो.

मात्र बोगद्यातला दाब वेगळा. ज्यांना कार्पल टनेलचा त्रास आधीच आहे अशा रुग्णांवरचा एक अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. उभ्या माऊसने आणि जेलच्या पॅडने मनगटाची ठेवण बदलली, आतला दाब मात्र कमी झाला नाही. दुकानदार हे सांगणार नाही.

घ्यायचाच असेल तर हातावर चढवून बघा. लहान हाताला मोठा माऊस दिला की बोटं ताणून क्लिक करावं लागतं. पहिले आठ-दहा दिवस बाण भलतीकडे जातो, कारण आडवं बटण दाबताना अख्खा माऊस सरकतो. रोज तासभरच वापरा, नाजूक कामाला जुना ठेवा. डावखुऱ्यांसाठी वेगळा येतो. पाळीत दोघे एकच काउंटर वापरत असतील तर उभा माऊस अडचणीचाच. ट्रॅकबॉल म्हणजे जागेवरच ठेवून चेंडू फिरवायचा माऊस; त्यात हात हलत नाही हे खरं, पण अंगठ्याने फिरवायचा घेतला तर सगळं काम अंगठ्याच्या मुळावर येतं.

मनगटाखालचं जेलचं पॅड हात थांबला की टेकायला असतं. त्यावर मनगट रोवून माऊस डावी-उजवीकडे फिरवला तर दाब बोगद्यावरच येतो. हात कोपरापासून हलू द्या.

बाणाचा वेगही बघा. तो डीपीआयमध्ये मोजतात, म्हणजे माऊस एक इंच सरकवला की बाण किती पिक्सेल जातो ते. 800 डीपीआयला 1920 पिक्सेलचा पडदा पार करायला माऊस सुमारे 6 सेंटिमीटर सरकवावा लागतो, 1600 ला 3. अति वेग ठेवला तर छोट्या चौकटीवर नेम धरताना बोटं आवळली जातात. एप्रिल-मेच्या घामाने पकड आणखी घट्ट होते, म्हणून सुती फडकं जवळ ठेवा. तळाचे गुळगुळीत पट्टे झिजले किंवा धूळ बसली की माऊस जड ओढतो. वायर टेबलावरून लोंबत असेल तरी तेच.

(दृश्य: भुसावळ, फ्लेक्सचं दुकान. पडद्यावर कोरलड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर.)

सगळ्यात जास्त फायदा माऊस न धरण्यात आहे. धान्याच्या अडतीवर टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर चालवणारा मुनीम बघा: F8 विक्री, F9 खरेदी, कंट्रोल-A ने मान्य. त्याचा माऊस कोपऱ्यात पडलेला असतो. फ्लेक्सवाल्याची सुटका नाही, पण F10 ने आकार बदलायचं शेप टूल, स्पेसबारने परत वस्तू निवडायचं पिक टूल, P ने पानाच्या मध्यावर, बाणांच्या कळांनी सरकवणं, एवढ्यानेही फेऱ्या घटतात. ऑनलाइन अर्जात टॅबने पुढची चौकट, स्पेसने टिक, ऑल्ट आणि खालच्या बाणाने यादी उघडते. बराच वेळ बटण दाबून ओढावं लागत असेल तर विंडोजच्या माऊस सेटिंगमध्ये क्लिकलॉक चालू करा, म्हणजे बटण धरून ठेवावं लागत नाही.

दर अर्ध्या तासाने माऊस सोडा. बोटं सरळ, मग हुकासारखी वाकवून, मग मूठ, पाच वेळा. लाइट जाण्याची वाट बघू नका, हल्ली इन्व्हर्टर असतो.

(दृश्य: रात्र. अंथरुणावर हात झटकणारा माणूस.)

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांत मुंग्या येत असतील, रात्री जाग येऊन हात झटकावा लागत असेल, तर हे मीडियन नसेचं लक्षण असू शकतं. मधुमेह, थायरॉइडची कमतरता आणि गरोदरपण यांत ते अधिक आढळतं. करंगळीत मुंग्या असतील तर नस दुसरी, ती कोपरामागून येते. कोपर टेबलावर दाबून बसता का, ते बघा. अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा खपाटीला गेला असेल किंवा वस्तू हातातून पडत असतील, तर अस्थिरोगतज्ज्ञाकडे जायला उशीर करू नका. मनगट सरळ धरणारा पट्टा बहुधा रात्री घालायला देतात. दिवसा तोच घालून माऊस चालवला तर मनगट अडतं आणि खांदा ओढला जातो.