शुमावाच्या जंगलातला पहारा

श्रोतेहो, नमस्कार.

आजच्या चेक प्रजासत्ताकातला बोहेमिया आणि जर्मनीतला बव्हेरिया यांच्या सीमेवर शुमावा नावाचा डोंगराळ जंगलपट्टा आहे. तिथे दाट झाडी आहे, धुकं आहे आणि जागोजागी दलदल. १९५९ साली चेकोस्लोव्हाकियात कारेल काखिन्या यांनी या जंगलाची गोष्ट पडद्यावर आणली. 'शुमावाचा राजा' हे तिचं नाव. राजा म्हणजे माणसांना चोरवाटेनं पश्चिमेकडे पोहोचवणारा वाटाड्या. नायक मात्र त्याच्या मागावरचे सीमारक्षक. काळ १९४८चा, कम्युनिस्टांनी नुकतीच सत्ता घेतलेली.

चित्रपट प्रचारकीच आहे. काखिन्याही लष्कराच्या फिल्म स्टुडिओत तयार झालेले. पण त्यातली दलदल पाहताना मला आजही धडकी भरते. समोरचा माणूस चिखलातून पाऊल उपसतो, तेव्हा तो कुठल्या बाजूचा हे आपण विसरूनच जातो.

म्हणूनच पडद्याबाहेर राहिलेली सीमा मला जास्त बोचते. चित्रपट झळकला तेव्हा तिथे काटेरी तारांच्या तीन रांगा होत्या. मधल्या रांगेत हजारो व्होल्टचा वीजप्रवाह सोडलेला. शेजारी जमिनीची पट्टी नांगरून ठेवायचे, पावलांचे ठसे उमटावेत म्हणून. आणि हे ठसे बहुतेक करून बाहेरून येणाऱ्या हेरांचे नसत, घरदार सोडून निघालेल्या देशातल्याच माणसांचे असत. १९४८ ते १९८९ या काळात चेकोस्लोव्हाकियाची पश्चिमेकडची सीमा ओलांडताना सुमारे २८० जणांचा जीव गेला.

पहाऱ्यावर होती ती सक्तीच्या लष्करी सेवेतली कोवळी पोरं. त्यांच्यातलेही शेकडो गेले. शत्रूशी झुंजताना गेले ते अगदी मोजके. बाकीचे अपघातात, चुकून सुटलेल्या गोळीनं, त्याच विजेच्या तारेला चिकटून, आत्महत्या करून. त्यांच्या आयांना काय सांगितलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. पडद्यावरच्या जवानाच्या वाट्याला असलं मरण येत नाही.

याच काखिन्यांनी १९७०मध्ये 'कान' नावाचा चित्रपट केला. एक उपमंत्री आणि त्याची बायको रात्री सरकारी मेजवानीहून घरी परततात. घरात वीज नाही. भिंतींत लपवलेली ऐकण्याची यंत्रं आहेत, हे दोघांनाही ठाऊक आहे. कुठे बसून मोकळं बोलावं, हेच त्यांना कळेनासं होतं. जंगलातला पहारा आता त्यांच्या स्वयंपाकघरात आला होता. सरकारनं हा चित्रपट कुलपात ठेवला आणि प्रेक्षकांना तो दिसला तो थेट १९८९नंतर, सीमेवरच्या तारा कापल्या गेल्यावर.